पुढील स्टेशन : कळवा

शनिवारी दुपारी आमच्या हॉस्टेलची निम्मी पोरं जर्नल अर्धवट टाकून घरी पळतात. मीही त्यातलाच. ठाण्याला स्लो लोकल पकडायची आणि दाराशी उभं राहायचं. गाडी सुटली की आतल्या बाई गोड आवाजात सांगतात, "पुढील स्टेशन, कळवा." ते ऐकलं की हल्ली मला हसू येतं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटतं. का, ते सांगतो.

आमचं घर कल्याणला, वालधुनी नदीच्या जवळ, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी आमच्या घरातही पाणी शिरलं. मी तेव्हा सहा महिन्यांचा. आई मला घेऊन वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. बाबा मुंबईत ऑफिसात अडकलेले. लोकल बंद, फोन बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळावरून चालत चालत ते घरी आले, तेव्हा कुठे कळलं की सगळे धड आहेत. तेव्हापासून दर पावसाळ्यात आई रात्री दोनदा उठून दाराबाहेरच्या पायऱ्या बघते. खालून दुसऱ्या पायरीवर तिने लाल ऑइलपेंटची रेघ मारली आहे.

तिसऱ्या वर्षी मिनी प्रोजेक्टची वेळ आली. म्हटलं, आईची झोप वाचवू या! घेतलं एक ईएसपी ८२६६. २०१४ पासून बाजारात आलेली ही चिप म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर, वाय-फाय आतच. त्याला फ्लोट स्विच जोडला आणि सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून लाल रेघेशी बसवलं. पाणी रेघेला लागलं की हॉस्टेलवर माझ्या मोबाइलवर नोटिफिकेशन.

तुम्हाला वाटेल, डबा सरळ फोनशी बोलत असेल. तसं नसतं. मोबाइलला इंटरनेटवर बाहेरून हाक मारता येईल असा पक्का पत्ताच नसतो. जुन्या हॉस्टेलचं आठवा. घरचा फोन वॉर्डन सरांच्या ऑफिसात यायचा आणि शिपाई रूम नंबर घेऊन जिन्यातून ओरडायचा. इथेही तसंच. तुमचा फोन गूगलच्या सर्व्हरशी एक लाइन कायम उघडी ठेवतो. ॲपला मिळालेलं टोकन म्हणजे रूम नंबर. निरोप आधी तिथे जातो, मग तुमच्यापर्यंत येतो. आयफोनसाठी हेच काम ॲपल करतं.

पूर्वी चिपमधूनच गूगलला एक कायमची चावी दाखवून निरोप धाडता यायचा. ती पद्धत २०२४ मध्ये बंद झाली. आता तासाभरात बाद होणारी चावी लागते. ते ओझं चिमुकल्या चिपवर कशाला? म्हणून डबा एमक्यूटीटीने माझ्या सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर पुढे फोनला. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झालं, त्यामुळे अशक्त लाइनीवरही ते निभावून नेतं. दुसरी गोम अशी की अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, नुसता पडून राहिलेला फोन झोपी जातो. साधा निरोप मग तो जागा होईपर्यंत ताटकळतो. म्हणून निरोपावर 'हाय प्रायॉरिटी' लिहावं लागतं.

व्हायवा झकास झाला. ग्लासभर पाण्यात फ्लोट बुडवला, दोन सेकंदांत फोन वाजला. सर खूश!

घरी डबा बसवताना आईने एकच विचारलं, "अरे, पण लाईट गेल्यावर?" मी हसलो. "आई, आत बॅटरी आहे. तू निवांत झोप. तो मला कळवेल, मी तुला फोन करीन."

मागच्या जुलैत एका रात्री धो धो कोसळला. हॉस्टेलवर मी फोन उशाशी ठेवला. फोन गप्प. म्हणजे सगळं ठीक! मी गाढ झोपलो. सकाळी फोन केला तर आईचा आवाज बसलेला. पाणी रेघेच्या वर गेलं होतं. उंबऱ्याशी लागल्यावर तिला जाग आली. मग दोघांनी रात्रभर पिठाचे डबे, सिलिंडर, माझी सर्टिफिकिटं वर चढवली. बाबांची कंबर धरली ती आठवडाभर.

"मग मला फोन का नाही केलास?"

"तुझा डबा कळवेल म्हणाला होतास ना. मला वाटलं, तुला माहितीये."

लाईट गेली, राउटर बंद पडला. डबा बॅटरीवर बिचारा ओरडत होता, ऐकायला कोणी नव्हतं. मी 'निरोप नाही' याचा अर्थ 'पाणी नाही' असा लावला. वीस वर्षं चाललेली आईची पद्धत मीच बंद पाडली होती.

मग पुन्हा बसलो. एमक्यूटीटीत एक सोय आहे, 'लास्ट विल', म्हणजे चक्क मृत्युपत्र! जोडणी करतानाच डबा सर्व्हरकडे सांगून ठेवतो, की माझा आवाज बंद झाला तर अमुक निरोप सगळ्यांना दे. ठरलेल्या वेळेच्या दीडपट वाट पाहून सर्व्हर तो देतो. मी ६० सेकंद ठेवले, म्हणजे दीड मिनिटात कळतं. उलट दिशाही जोडली. नोटिफिकेशनवर 'बघितलं' दाबलं की घरच्या डब्यावर हिरवा दिवा लागतो. पाच मिनिटांत मी दाबलं नाही तर निरोप वरच्या काकूंना जातो. राउटरलाही बॅटरी दिली.

ऑगस्टात रात्री दोनला फोन वाजला : 'डबा गप्प झाला आहे.' मी लगेच घरी फोन लावला. "अरे, लाईट गेलीय," आई म्हणाली. गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीलाही वीज लागते, हे तेव्हा शिकलो. "पाणी पहिल्या पायरीवर आहे, मी बघतेय. झोप तू."

आई अजूनही रात्री उठते. आता मी तिला नको म्हणत नाही. फक्त, ती उठली की मीही जागा असतो.

मित्रांनो, प्रोजेक्ट करा, जरूर करा. पण पाठवलेलं पोचलं का, हे विचारायला विसरू नका. आणि घरून बरेच दिवस फोन आला नसेल, तर सगळं ठीकच असेल असं समजू नका. ठाण्याच्या पुढचं स्टेशन रोज तेच तर सांगतं... कळवा!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकॉम