पडला कोण, पाडलं कोणी?

माझा मामेभाऊ सिंदेवाहीत घरून काम करतो आणि रात्री स्वतःचा मीडिया प्लेअर लिहितो. आजोबांच्या झाडीपट्टी नाटकाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग आजीला नीट पाहता यावं, एवढ्यासाठी! पण आजीनं पद मागे नेलं, की प्लेअर मध्येच धाडकन बंद.

असा क्रॅश झाला की स्टॅक ट्रेस पाहायचा. कोणत्या फंक्शननं कुणाला बोलावलं, याची उतरंड. सर्वांत वर कोसळलेलं. इथे दर वेळी चित्र दाखवणारा थ्रेड वर. केस सरळ वाटते ना? "ताई, जो पडते तोच चुकते असं नसते," भाऊ म्हणाला. त्यानं जीडीबी डिबगरला 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' सांगितलं, म्हणजे सगळ्याच थ्रेडचे ट्रेस काढ. आवाजाचा थ्रेड निवांत. तिसरा मात्र पद मागे नेताना जुन्या फ्रेमची मेमरी मोकळी करत होता, नेमकी तीच, जी चित्राचा थ्रेड वाचत होता. एकाच ताटात दोन हात! (व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्येही चित्र-आवाजाला असेच वेगवेगळे थ्रेड असतात.)

दोघांना एकच लॉक लावला. शोधायला तीन रात्री, लिहायला चार ओळी. तरी तो स्क्रिप्ट लावून तेच पद रात्रभर मागेपुढे करतोय. असले बग दहादा गप्प बसतात नि अकराव्यांदा उठतात.