दाण्याची वाट

आमच्या भाचीच्या हातात मोबाइल नाही, असे मी गेल्या दोन वर्षांत एकदाच पाहिले. दोन्ही हातांना मेंदी होती. आणि तेव्हाही धाकट्या भावाला शेजारी बसवून बाईसाहेब त्याच्या बोटाने पडदा सरकवून घेत होत्या!

"व्यसन, दुसरे काय!" आमच्या कट्ट्यावरचे नाना म्हणतात. त्या वेळी नानांच्या दाढेखाली तंबाखू असते, ही गोष्ट सोडून द्या.

मी तीस वर्षे कॉलेजात मानसशास्त्र शिकवले. दरवर्षी फळ्यावर एक कबुतर काढीत असे; पोरे त्याला कोंबडी म्हणत. ते कबुतर स्किनरसाहेबांचे. या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर १९५७ साली अशा प्रयोगांचा जाडजूड ग्रंथच काढला. ठरावीक चोची मारल्यावर दाणा मिळत असेल, तर तो टिपून कबुतर जरा विसावते. पण दाणा कितव्या चोचीला पडेल याचा नेम नसला, की विसावा नाही, टकटक चालूच! भाचीचा अंगठा काचेवर फिरू लागला की मला ती टकटक ऐकू येते. कोणाचा निरोप, कोणाची शाबासकी केव्हा येईल याचा नेम नाही, हेच त्यातले मर्म. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, तेव्हा फोन मुका करून टेबलावर पालथा ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलेलेच सरस ठरले.

कबुतराला आधी उपाशी ठेवलेले असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

भाची कुडाळची. पुण्याच्या कॉलेजात आली, तेव्हा वर्गात ओळखीचे एकही माणूस नव्हते. एकदा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती उजेडाचा चौकोन घेऊन बसलेली.

"झोप येत नाही का गं?"

"मामा, ग्रुपवर सगळे सहलीचं ठरवताहेत. मला अजून कुणी विचारलं नाही."

उपदेशाचे चार शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी चहा टाकला. मग ती कुडाळच्या घराविषयी, आजीच्या फणसाच्या भाजीविषयी कितीतरी वेळ बोलत राहिली. मध्येच फोन थरथरला. तिने झडप घातली. रिचार्ज संपत आल्याचा निरोप होता! आम्ही दोघे इतके हसलो, की तिची मामी उठून आली आणि तिने आणखी एक कप मांडला.