गोड्या पाण्याचा पाहुणचार

मरुभूमी म्हटली की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु वऱ्हाडात असाही एक मुलूख आहे, की जेथे पायाखाली काळीभोर कसदार जमीन असूनही माणूस घोटभर गोड्या पाण्याला पारखा होई. अमरावती, अकोला व बुलढाणा या 3 जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा होय. येथील भूगर्भातच क्षार साठलेले आहेत; त्यामुळे बहुतेक विहिरींचे पाणी खारे लागते.

1973 सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. त्या दिवसांत एक तरुण प्रवासी दर्यापूरहून अकोटकडे पायी निघाला. वाटेत दिवस मावळला, तेव्हा एका खेड्यातील शेतकऱ्याने त्याला आग्रहाने घरी नेले. ओसरीवर बाज टाकली गेली. घरच्या माउलीने तांब्याभर पाणी पुढे केले. प्रवाशाने चार घोट घेतले आणि उरलेल्या पाण्याने अंगणात खुशाल हातपाय धुतले. दाराआडून पाहणाऱ्या लहानग्या मुलीची नजर त्या ओघळाबरोबर मातीपर्यंत गेली. पण कोणी अवाक्षर काढले नाही.

रात्री पिठले-भाकर वाढली गेली. ठेचा तिखट लागला, म्हणून प्रवाशाने घाईने घरच्यांचा तांब्या उचलून तोंडावर धरला मात्र, त्याचे तोंड खारट झाले. सारे घर खारे पाणी पीत होते. गोडे पाणी एकट्या पाहुण्यासाठी होते! त्याला संध्याकाळचे अंगण आठवले व त्याची मान खाली गेली.

“माय, माझे चुकले,” तो म्हणाला.

“असू दे बाबू, तुले काय मालूम?” ती हसून उत्तरली. “पाहुन्याले खारं पानी कसं द्यावं?”

पहाटे मायलेकी घागरी घेऊन निघाल्या. गोड्या पाण्याची विहीर दोन कोसांवर होती. प्रवासीही त्यांच्या मागोमाग गेला आणि परतताना भरलेली घागर त्याने आपल्या खांद्यावर घेतली. ऊन चढले, खांदा ठणकू लागला. पाणी हिंदकळले की तो दचकून पाऊल आवरी. तांब्याभर पाण्याचे मोल त्याला त्या वाटेवर कळले.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणासारख्या जलाशयांतून या पट्ट्यातील अनेक गावांना नळाचे पाणी मिळू लागले. तो तरुणही आता वृद्ध झाला आहे. त्याच्या घरी पाण्याला तोटा नाही. तरी पेल्याच्या तळाचा घोटही तो कधी टाकीत नाही. नातवंडे कारण विचारतात, तेव्हा तो त्यांना दाराआडच्या त्या दोन डोळ्यांची गोष्ट सांगतो.