दहा देश आणि दोन माणसे

मराठी माणसाच्या मनात युरोप फार जुना आहे. बोटीचे दिवस होते तेव्हा बॅलर्ड पिअरवर गळ्यात हार घालून घेऊन माणसे निघत आणि परत आल्यावर वर्षभर चहाबरोबर विलायतच वाढीत. ज्यांना जाणे शक्य नव्हते त्यांनी पु. लं.चे 'अपूर्वाई' हाती घेतले आणि आरामखुर्चीत बसून तो प्रवास केला. आमची पिढी या आरामखुर्चीवाल्यांची. आता विमान रात्री मुंबईहून उठते आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला पॅरिसला टेकते. जाणे सोपे झाले. पण काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे मात्र भलतेच अवघड होऊन बसले आहे.

येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पुरी होतात. चिरंजीवांनी पुण्याहून फर्मान काढले की यंदा सत्यनारायण आणि हॉलमधले जेवण नको, आईबाबांनी युरोपला जायचे. नुसते फर्मान काढून तो थांबला नाही; एका प्रवासी कंपनीचा तक्ताच त्याने पाठवून दिला. चौदा रात्री आणि दहा देश! ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिख्टेनस्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि शेवटी पोपमहाशयांचे व्हॅटिकन. "बाबा, त्याच पैशात दहा देश!" तो फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात जे प्रेम होते, ते तक्त्यात मावण्यासारखे नव्हते.

सौ.ने चष्मा लावून तो तक्ता दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"अहो, यात सगळं आहे; पण आपण बसतो कुठे?"

मी सारी नोकरी रेल्वेच्या वेळापत्रकात घालवलेला माणूस. गाडी किती वेळ धावते यापेक्षा ती किती वेळ थांबते याचा हिशेब मला आधी सुचतो. तो तक्ता मी त्या नजरेने तपासला. एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवायचा म्हणजे पहाटे बॅगा बांधायच्या, नाश्ता उरकायचा, खोलीची किल्ली द्यायची, तीनचारशे किलोमीटर बसमध्ये बसायचे आणि नव्या हॉटेलात पुन्हा रांगेत उभे राहायचे. प्रत्येक हलण्याला निदान अर्धा दिवस जातो. असे आठनऊ वेळा हलायचे, म्हणजे चौदांपैकी चारपाच दिवस खिडकीच्या काचेतच गेले. उरलेल्या दिवसांत दहा देश वाटून घ्यायचे.

इथे नकाशाही माणसाला फसवतो. युरोपचे देश आपल्याला तालुक्याएवढे वाटतात. स्वित्झर्लंड खरोखरच लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे एक्केचाळीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगरसारखे अडीच जिल्हे. पण इटली मात्र जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा आहे. किंबहुना महाराष्ट्रच किंचित मोठा. परदेशातल्या कोणी पाहुण्याने दीड दिवसात महाराष्ट्र पाहिला असे सांगितले, तर आपण त्याला काय म्हणू?

याहून मोठे एक कारण होते, ते आम्ही चिरंजीवाला सविस्तर सांगितलेले नाही. सौ. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवीत होती. तिच्या डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे. डॉक्टरांच्या थेंबांनी दाब आटोक्यात राहिला आहे, पण या दुखण्यात जे दिसेनासे होते ते परत मिळत नाही. नजर कडांकडून हळूहळू आखडत येते. ती याविषयी बोलत नाही. चहा ओतताना कपाची कड बोटाने चाचपते, तेवढ्यावरून मी ओळखतो. तेव्हा जे पाहायचे ते आता, भरपूर उजेडात आणि सावकाश पाहायचे, हे दोघांच्याही मनात न बोलता ठरलेले होते.

मग आम्ही एक सोपी गोष्ट केली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन तीन इच्छा लिहिल्या. देशाचे नाव लिहायचे नाही, फक्त काय पाहायचे ते लिहायचे. चाळीस वर्षांत आम्ही आईवडिलांना घेऊन काशीला गेलो, मुलांना घेऊन माथेरानला गेलो, भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलो. पण 'तुला काय पाहायचंय?' हा प्रश्न एकमेकांना विचारण्याची पाळी कधी आलीच नव्हती.

तिच्या कागदावर होते: मोनेची कमळे, एक मोठे सरोवर, बोटीतून, मोटारी नसलेले गाव.

माझ्या कागदावर होते: रिगीची दातेरी रेल्वे, गोटहार्डचा घाट, रोमचे कलोसियम.

कागद शेजारी ठेवले आणि नकाशा आपोआप बोलू लागला. कमळे पॅरिसला. सरोवर, रिगी आणि गोटहार्डची वाट ही तिन्ही स्वित्झर्लंडच्या लुत्सर्न गावाला लागून. मोटारी नसलेले गाव म्हणजे व्हेनिस. तिन्ही एका ओळीत, उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि तिन्ही रेल्वेने जोडलेली. रोम मात्र त्या ओळीपासून पुढे चार तासांवर राहिले. आणखी एक मुक्काम हलवला असता तर तेही झाले असते. पण मीच त्यावर रेघ ओढली. पॅरिसला पाच रात्री, लुत्सर्नला पाच आणि व्हेनिसला चार. विमान पॅरिसला उतरायचे आणि व्हेनिसहून परतायचे, म्हणजे आलेली वाट उलट तुडवायला नको.

पॅरिसचे सगळेच सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. मे महिन्यात तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी खोलीवर येऊन वामकुक्षी घ्यावी आणि पुन्हा निघावे. दिवेलागणीला भरपूर वेळ असतो. १५ एप्रिल २०१९ रोजी जळालेले नोत्र दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले आहे, तेही पाहायचे. वारांचा हिशेब मात्र घरूनच करून निघावा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, आणि आमची कमळे ज्या ओरांजरी संग्रहालयात आहेत तेही मंगळवारी बंद.

या कमळांविषयी सौ.ने मला जे सांगितले ते इथे सांगतो. क्लोद मोनेने आपल्या बागेतल्या तळ्याची ही चित्रे पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१८ मध्ये, शांततेची भेट म्हणून फ्रान्सला देऊ केली. आठ चित्रे, उंची सुमारे दोन मीटर, आणि ओळीने मांडली तर लांबी नव्वद मीटरांच्या घरात. दोन लंबगोल दालनांत ती भिंतीच्या वळणाबरोबर वळत जातात आणि छतातून दिवसाचा उजेड त्यांच्यावर पडतो. चित्रे रंगवताना मोनेला मोतीबिंदू झाला होता. १९२३ मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. १९२६ च्या डिसेंबरात तो वारला आणि दालने उघडली १९२७ मध्ये. दालनाच्या मध्यभागी बसायला बाके आहेत. सौ.ने त्या दिवशी सकाळी दुसरे काहीही ठेवायचे नाही अशी ताकीद मला दिली आहे.

पॅरिसहून बाझलपर्यंत जलद गाडीने तीन तास आणि तिथून लुत्सर्न एक तास. या गावात चौदाव्या शतकातला लाकडी पूल आहे. १९९३ मध्ये त्याचा मोठा भाग जळला आणि गावकऱ्यांनी तो वर्षाच्या आत पुन्हा उभा केला. सरोवरावर अजूनही पाच जुन्या वाफेच्या बोटी चालतात, दोन्ही बाजूंना चाके असलेल्या. बोटीने तासाभरात फित्सनाऊला जायचे. तिथून रिगीची गाडी निघते. मे १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी डोंगररेल्वे. रुळांच्या मधोमध दाते असतात आणि इंजिनाचे दातेरी चाक त्यांत अडकत अडकत चढते. आपल्या मेट्टुपाळयम ते उटी गाडीतही कल्लार ते कुन्नूर असेच दाते आहेत. ती पद्धत रोमान अ‍ॅब्ट या स्विस अभियंत्याची आणि तिथली जुनी इंजिनेही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. नोकरीत असताना मी कुन्नूरला ती पाहिली होती. तिचे मूळ गाव पाहायची इच्छा तेव्हापासूनची.

लोक म्हणतात, युंगफ्राऊला का नाही जात? ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. रिगीचे शिखर १,७९८ मीटर, म्हणजे कळसूबाईहून दीडशे मीटर उंच. साठी उलटलेल्या छातीला हे पुरे. शिवाय स्विस रेल्वेचा जो सलग दिवसांचा पास मिळतो त्यात गाड्या, सरोवरावरच्या बोटी आणि रिगी हे सारे येते.

गोटहार्डचा प्रश्न मात्र आमच्यात थोडा रंगला. २०१६ पासून आल्प्सच्या पायातून ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आहे. गाडी वीस मिनिटांत पलीकडे. पण वीस मिनिटे काळोख! जुना मार्ग १८८२ चा, तोही चालू आहे आणि त्याला तासभर जास्त लागतो. त्याच्या माथ्यावरचा पंधरा किलोमीटरचा बोगदा खणताना दोनशेच्या आसपास मजूर मेले; काम घेणारा अभियंता लुई फाव्र हाही १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेला. चढण कमी करण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवले आहेत, त्यामुळे वासेन गावचे पांढरे चर्च खिडकीतून तीनदा दिसते: एकदा वर, एकदा समोर आणि एकदा खाली. मला वाटले, हिला हे रेल्वेचे वेड कंटाळवाणे वाटेल. ती म्हणाली, "एकच गोष्ट तीनदा दिसते ना? मग तीच वाट घ्या. एकदा सुटली तरी दोनदा उरेल." जुनी वाट ठरली.

व्हेनिसविषयी दोनच गोष्टी. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोर रस्ता नाही, पाणी. बस म्हणजे बोट. गावात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, तेव्हा खोली बोटीच्या थांब्याजवळ घ्यावी आणि बॅग स्वतःला उचलेल एवढीच भरावी. दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरते. जे मुक्कामाला राहतात त्यांनाच खरे गाव भेटते. दहा देशांच्या तक्त्यात व्हेनिसला तीन तास होते.

आता कागदपत्रे. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचे खेडे आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सरहद्दी उघडण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. ब्रिटन त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. अर्ज जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. आमचे पॅरिस आणि लुत्सर्न पाच-पाच, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. निघण्याआधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात, म्हणजे फराळाचे डबे रिकामे झाले की आम्ही रांगेत. तीस हजार युरोचा आजारपणाचा विमा सक्तीचा. आणि गृहिणींनी ध्यानात ठेवावे: दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, साजूक तूप घरीच ठेवावे. भाजणी, मेतकूट आणि सुकी चटणी खुशाल न्यावी. राहता राहिले पासपोर्टवरचे शिक्के. या २९ देशांत एकातून दुसऱ्यात जाताना शिक्का मारीतच नाहीत, तेव्हा दहा देश पालथे घातले काय आणि तीन काय, पासपोर्टाला काही फरक पडत नाही.

चिरंजीवाला हे सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला. "मग उरलेले सात देश?"

"ते तू आणि सूनबाई बघा," सौ. म्हणाली. "आणि चाळीस वर्षं थांबू नका."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तू कमळं लिहिलीस होय? मला माहीतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्याने ओरांजरीचे बारा मेपासूनचे वार आणि वेळा काढून पाठवल्या, मंगळवारावर तांबडी खूण करून.

ज्या वाचकांच्या घरी अशी बेतांची चर्चा चालू असेल त्यांना माझे एवढेच सांगणे की आधी देश मोजू नका, रात्री मोजा. दोघांनी दोन कागद घ्या, आणि एकमेकांचा कागद पाहण्याआधी आपला लिहून पुरा करा. वेळापत्रकात एक दिवस कोरा ठेवा. आमचा कोरा दिवस लुत्सर्नचा आहे, लग्नाच्या वाढदिवसाचाच. त्या दिवशी सकाळी बोटीत चढायचे, वरच्या डेकवर उजेडाच्या बाजूला दोन जागा धरायच्या आणि बोट जिथवर जाईल तिथवर जायचे.