घर बदललं, पत्ता तोच!

दिल्लीतल्या मराठी सरकारी नोकरदारांना बिऱ्हाड हलवण्याची सवयच असते. बदली, क्वार्टर, ट्रक, सुतळी… नोएडाच्या काकूंनी अशी पाच घरं बदलली होती. पण २०१६ साली त्यांनी जे सहावं बिऱ्हाड हलवलं, त्याला सुतळीचा तोडाही लागला नाही. झोप मात्र दोन रात्रींची गेली!

हे बिऱ्हाड म्हणजे काकूंची वेबसाइट. आईच्या पाककृती, आईच्याच बोलीत. आई गेली, पाठोपाठ एका पावसाळ्यात तिची वहीही भिजून गेली. उरलं होतं ते एवढंच.

तशी काकूंनी एकदा ठेच खाल्ली होती. पहिली पानं त्यांनी जिओसिटीजवर फुकटात थाटली होती. याहूने २००९च्या ऑक्टोबरमध्ये ते दुकानच गुंडाळलं. जागाही त्यांची, पत्ताही त्यांचा; काकूंचं काय राहणार? वही हाताशी होती म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी 'डॉट इन'चा पत्ता स्वतःच्या नावावर घेतला आणि फायली ठेवायला जागा तेवढी भाड्याने. पत्ता आपला असला की घरमालक केव्हाही बदलता येतो. तो बदलावा लागलाच. पहिल्या वर्षी स्वस्तात बोलावून पुढे भाडं चढवणारे इथेही असतात!

इंजिनिअरिंगला असलेल्या लेकीने पदर खोचला. फायली उतरवल्या, डेटाबेसची नक्कल काढली आणि नव्या सर्व्हरवर चढवली. पत्ता तिकडे वळवण्याआधी तिने आत डोकावून पाहिलं. फोटो जागच्या जागी. आणि मजकूर? पुरणपोळीपासून अनारशांपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं!

"अगं, आजीची अक्षरं कुठं गेली?" काकूंचा आवाज कापत होता.

त्या काळी बऱ्याच सर्व्हरवरच्या मायएसक्यूएलला मुळात 'लॅटिन-१' ही रोमन वळणाची अक्षरंच ठाऊक असत. मुद्दाम सांगितलं नाही, तर देवनागरी अक्षराच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकून मोकळं होई. (२०१८च्या आठव्या आवृत्तीपासून ही खोड गेली.) आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की त्यातून 'क' परत काढता येत नाही. मूळ प्रत लागतेच.

"आई, जुन्या जागेचं खातं बंद केलंस?"

"आजच करणार होते गं…"

लेकीने कपाळावरचा घाम पुसला. नवा डेटाबेस युनिकोडवर बेतला आणि जुन्या घरातून सगळं पुन्हा भरलं. मग पत्ता वळवला. तसं केलं की काहींना जुनं घर दिसतं, काहींना नवं. म्हणून पत्त्याची आठवण जगभर किती वेळ राहावी, ती मुदत तिने दोन दिवस आधीच चोवीस तासांवरून पाच मिनिटांवर आणली होती. तरीही जुनं भाडं आणखी महिनाभर भरलं. काकूंचाच हट्ट!

पुढे २०१९मध्ये 'डॉट इन'चा कारभार पाहणाऱ्या दिल्लीच्या 'निक्सी'ने नोंदणीचं तांत्रिक काम एफिलियासकडून न्यूस्टारकडे दिलं. वीस लाखांहून अधिक पत्त्यांचं ते बिऱ्हाड हललं, पण काकूंना पत्ताही लागला नाही.

त्यांना आठवतो तो पत्ता वळवल्यानंतरच्या सकाळचा फोन. पुण्याहून धाकटी बहीण बोलत होती.

"ताई, अनारसे बघत होते. शेवटी आईने लिहिलंय बघ, 'जाळी पडली नाही तर मला हाक मार.'"