कोपऱ्यातलं बटण

मेंदूला एखादी गोष्ट चटकन पटते. हाताला पटायला वर्षं जातात. आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण रंगकामाच्या वेळी दाराच्या डावीकडून उजवीकडे गेलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. पण रात्री पाणी प्यायला उठलो की माझा हात अजून डावीकडची भिंत चाचपतो. "तिथं पाल असते" असं सौ.नं बजावून ठेवलंय, तरी चाचपतो. तेव्हा २०२५च्या दिवाळीत आमच्या घरी नवा संगणक आला आणि त्याचं ‘स्टार्ट’चं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून पडद्याच्या मध्याजवळ येऊन बसलेलं दिसलं, तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय ते मी ओळखलं.

वास्तविक जुन्या संगणकाचं आणि माझं उत्तम जमलं होतं. त्याला जागं व्हायला वेळ लागायचा, मलाही लागतो. मी बटण दाबून चहा टाकायचो. चहा होईपर्यंत तोही उठून बसायचा. पण विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. थोडक्यात, माझ्यासारखाच तोही सेवानिवृत्त झाला. बरं, त्याच संगणकावर विंडोज ११ घालावं, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते आणि ती आमच्या यंत्रात नव्हती. भाच्यानं तपासलं आणि म्हणाला, "मामा, आता यात काही करण्यासारखं नाही." डॉक्टर नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून सांगतात ना, अगदी त्या आवाजात.

मी काही यंत्रांचा शत्रू नव्हे. म्हणजे एकेकाळी होतो. १९८०च्या दशकात बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या मोर्चात मी तिसऱ्या रांगेत होतो. (पहिल्या रांगेत पुढारी असत आणि दुसरीपर्यंत फोटो येई.) पुढं त्याच संगणकावर लोकांची पासबुकं भरता भरता मी निवृत्त झालो. म्हणजे एकदा माझं मतपरिवर्तन झालेलं आहे. दुसऱ्यांदा करायची तयारी नव्हती, इतकंच.

या बटणाचा इतिहासही मोठा आहे. ते आलं १९९५ साली, विंडोज ९५बरोबर. खाली डाव्या कोपऱ्यात, वेशीवरच्या मारुतीसारखं. कुठंही जायचं तर आधी तिथं हात लावायचा आणि मग पुढं. २०१२ साली विंडोज ८मध्ये हा मारुती एकाएकी अंतर्धान पावला. गावोगावच्या भक्तांनी ओरड केली, तेव्हा २०१३ साली ८.१मध्ये तो परत प्रकटला. आणि २०२१ साली विंडोज ११नं त्याला वेशीवरून उचलून थेट चावडीसमोर आणून बसवला.

बरं, वेस तरी मोकळी ठेवावी! तर तिथं आता हवामान असतं. म्हणजे संगणक बंद करावा म्हणून माझा हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात जाई, आणि आज बाहेर ३१ अंश असून आकाश अंशतः ढगाळ आहे असं मला कळे. शिवाय बाणाचं टोक तिथं जरा रेंगाळलं की बातम्यांची अख्खी भिंत अंगावर येई. पहिल्या आठवड्यात मी संगणक एकदाही पहिल्या फटक्यात बंद करू शकलो नाही, पण माझं हवामानाचं ज्ञान इतकं वाढलं, की मंडईत भाजीवाली मला "काका, आज पाऊस हाय का?" असं विचारू लागली.

उजवं बटण दाबल्यावर जी यादी उघडते, तिचंही तेच. ओळखीच्या वस्तू जागेवर नाहीत. सगळ्यात खाली ‘आणखी पर्याय दाखवा’ अशी ओळ. ती दाबली की आत माझी जुनी यादी जशीच्या तशी बसलेली! नव्या सुनेनं दिवाणखाना सजवावा आणि सासऱ्यांना माजघरात बसवावं, तशी. मला त्या यादीबद्दल फार आपुलकी वाटली.

"अहो, एवढा त्रागा कशाला?" सौ. म्हणाली. "गॅस आला तेव्हा सासूबाईंना काय सांगायचात तुम्ही? त्याच सांगायच्या मला."

मी गप्प बसलो. आमच्याकडे गॅस आला १९७६ साली. त्याआधी आईची निम्मी हयात चुलीपुढं आणि उरलेली स्टोव्हपुढं गेलेली. गॅस बंद करायच्या वेळी ती सवयीनं फुंकर मारायची! वडील आतून ओरडत, "अगं, खटका! खटका फिरव!" आणि अठरा वर्षांचा मी तिला ऐकवायचो, "आई, काळाबरोबर बदलायला शिकलं पाहिजे." ती म्हणायची, "मी बदललेय रे. हात अजून यायचाय." स्टोव्ह मात्र तिनं टाकू दिला नाही. फडक्यात गुंडाळून ओट्याखाली ठेवला. "असू दे. नडीला होतो."

एरवी मी हा सगळा प्रकार हसण्यावारी नेला असता. पण तिसऱ्या आठवड्यात मी नव्या संगणकावर आईची फाइल उघडली.

२००२च्या हिवाळ्यात मी आईला समोर बसवून तिच्या लोणच्यांची, मसाल्यांची, सणावारांच्या पदार्थांची कृती उतरवून घेतली होती. ती सांगायची, मी एकेक बोटानं टंकायचो. एकूण ४१ पदार्थ. आई २००९ साली गेली. तिनं वही कधी ठेवली नव्हती. जे काय होतं ते त्या फाइलीत. आणि आता त्या फाइलीत इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं. कैरीच्या लोणच्यात तीन ठिकाणी डॉलर! मी वर गेलो, खाली गेलो, फाइल बंद करून पुन्हा उघडली. डॉलर तिथंच. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि सौ.नंही आग्रह केला नाही.

सकाळी भाचा आला. त्यानं पाहिलं आणि हसला. मला त्याचा राग आला.

"मामा, काही गेलेलं नाही. सगळं आहे. फक्त फॉन्ट नाहीये."

मग त्यानं समजावलं. जुन्या मराठी फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असत. वरून त्यांना देवनागरीचा साज चढवलेला. आपल्या दशावतारासारखं. रंग पुसला की रंगपटात राजा नसतो, ओळखीचा शेजारी विडी ओढत बसलेला असतो. आणि प्रत्येक फॉन्टची रंगभूषा निराळी. युनिकोडात मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. ‘क’चा २३२५. हे मला ताबडतोब कळलं, कारण हा तर खाते क्रमांक! शाखा बदलली, इमारत बदलली, मॅनेजर बदलला, तरी खातं तेच.

जुना संगणक पलंगाखालून काढला. चहा झाला, तो जागा झाला. त्याच्या फॉन्टांच्या कप्प्यातून ती इवलीशी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन भाच्यानं नव्या संगणकात बसवली, आणि डॉलरांच्या जागी आई बोलू लागली:

"कैऱ्या दोन शेर. आता शेर गेले, दोन किलो लिही. मीठ अंदाजानं. अंदाजानं म्हणजे किती काय? हाताला कळतं. हेही लिहितोयस का रे मेल्या?"

मी तेही लिहिलं होतं. सौ. पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली होती. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

आता रोज संध्याकाळी मी ती फाइल युनिकोडात आणतो आहे. बरंचसं काम यंत्र करतं. पण त्यात वेलांट्या घसरतात, जोडाक्षरं मोडतात. आईचा ‘अंदाज’ काही त्याला पेलत नाही. तेवीस पदार्थ झालेत. जुना संगणक मी टाकलेला नाही. सौ.नं त्याला जुन्या चादरीची खोळ शिवली आहे. तो कुणी मागितला की ती म्हणते, "असू दे. नडीला होतो."

राहता राहिलं ते बटण. परवा भाचा येऊन गेला. मामाचे हाल त्याला बघवले नसावेत. जाता जाता त्यानं सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि ते बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. म्हणाला, "मामा, घ्या. तुमच्यासाठी जुन्या जागी आणलंय."

तेव्हापासून माझा हात मध्यभागी जातो.