उघडी जवारी

संगीताच्या इतिहासात वादकाचे नाव राहते, वाद्य घडविणाऱ्याचे क्वचित राहते आणि ऐकणाऱ्याचे बहुधा राहतच नाही. तरीही प्रत्येक मोठ्या वादनामागे अशी काही अनाम माणसे असतात, की ज्यांनी आपल्या आयुष्याचा बराचसा भाग दुसऱ्याच्या हातांकडे लक्ष लावून बसण्यात घालविलेला असतो. बेंगळुरूत राहणारा, पन्नाशी ओलांडलेला एक मराठी गृहस्थ अशांपैकी आहे. त्याचे आराध्य मात्र चारचौघांत चटकन सांगावे असे नाही. हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि कर्णकर्कश म्हणून बदनाम झालेल्या पाश्चात्त्य संगीतातील गिटारवादक, हा त्याचा पस्तीस वर्षांचा ध्यास आहे.

या ध्यासाचे मूळ त्याच्या घरात शोधू गेल्यास ते प्रथम सापडत नाही. त्याचे वडील, अण्णा, बेळगावकडचे. सतराव्या शतकात बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तेव्हापासून या गावाला मराठी बोली अपरिचित नाही. पण अण्णांसारखी माणसे येथे आली ती स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या सरकारी कारखान्यांच्या ओढीने. यंत्रे, टेलिफोन आणि घड्याळे करणाऱ्या त्या कारखान्यांनी शहराच्या कडेने वसाहती वसविल्या, आणि त्या वसाहतींतून कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी अशी घरे भिंतीला भिंत लावून नांदू लागली. अण्णा अशाच एका कारखान्यात फिटर होते. दिवसभर लोखंडाच्या आवाजात काम करून आलेला हा मनुष्य संध्याकाळी हातपाय धुऊन मिरजेचा एक जुना तंबोरा मांडीवर घेई, तो लावी, काही वेळ नुसता छेडीत बसे आणि परत गवसणीत घालून ठेवी. ते कधी चार लोकांत गायले नाहीत. रामनवमीच्या दिवसांत मात्र ते चामराजपेठेत जात. तेथे फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर, श्रीरामसेवा मंडळीने १९३९ साली सुरू केलेल्या संगीतोत्सवाचा मांडव पडलेला असे. खिशात तिकिटापुरते पैसे नसले तर ते बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत, आणि शेवटच्या बसने घरी परतत.

मुलाच्या कानांवर पहिले संस्कार झाले ते या तंबोऱ्याचे. पुढे १९९१ च्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या आणि परदेशी संगीत घरोघरच्या पडद्यावर दिसू लागले. महाविद्यालयातील मित्रांकडून कॅसेटींच्या नकला मिळू लागल्या. ब्रिगेड रोडलगतच्या रेस्ट हाउस रोडवर १९८९ पासून पेकोस नावाचे एक पेयगृह आहे. तेथील अरुंद जिन्यावर ऐकू येणाऱ्या रॉक संगीताने त्या काळच्या अनेक तरुणांची जी दीक्षा झाली, तीच याचीही झाली. त्याने एक साधी गिटार घेतली. दीड वर्ष तो बोटांची सालपटे काढीत बसला. मग त्याच्या ध्यानात आले, की आपल्या कानाला जे कळते ते आपल्या बोटांना कधीच कळणार नाही. गिटार एका भाच्याकडे गेली. खेद थोडा झाला, पण तो फार टिकला नाही. कारण ऐकण्याचे काम शिल्लक होते, आणि ते काम लहान नव्हते.

ते काम तो कसे करी, हे पाहण्यासारखे होते. मेटालिका या अमेरिकन वृंदाची १९८६ सालची मास्टर ऑफ पपेट्स ही साडेआठ मिनिटांची रचना लोक गाण्यासाठी ऐकतात. याचे सारे लक्ष जेम्स हेटफील्डच्या उजव्या हातावर असे. त्या वेगात कोणताही वादक नखी खाली-वर अशी दोन्ही दिशांनी चालवील. हेटफील्ड प्रत्येक आघात वरून खालीच करतो, म्हणून त्या पंक्तीला घणाच्या घावांसारखा सारखेपणा येतो. आयर्न मेडन या इंग्रजी वृंदातील डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांचे सूर तो डोळे मिटून वेगळे करी. मरेच्या डाव्या हाताची बोटे एकाच आघातावर स्वरामागून स्वर ओघळू देतात. स्मिथ आधी मनात वाक्य रचून मग ते उच्चारावे तसा वाजवितो. स्वीडनच्या इंगवे माल्मस्टीनने आपल्या गिटारीच्या पट्टीवरील दोन पडद्यांमधले लाकूड खोबणीसारखे कोरून घेतलेले आहे, त्यामुळे बोटाखाली तार लाकडाला टेकत नाही आणि दाबाच्या कमीजास्तपणाने स्वर हलविता येतो. हे वाचल्यावर याला शेजारच्या घरातील वीणा आठवली. तिचे पडदे मेणाच्या उंच कण्यांवर बसविलेले असतात, ते याच कारणासाठी. दूरदेशीच्या या उद्धट वाटणाऱ्या कलावंताला जी गमकाची तहान होती, ती मल्लेश्वरमच्या गल्लीतील एखाद्या वीणा शिकणाऱ्या मुलीलाही असते, या विचाराने तो कितीतरी दिवस सुखावला होता.

अण्णा यातले काही ऐकत नसत, असे घरात सगळे समजत. एका रविवारी मुलाने ब्लॅक सॅबाथ या बर्मिंगहॅमच्या वृंदाची, १९७० साली आलेली पहिली ध्वनिमुद्रिका टेपवर लावली. अण्णा दाराशी उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बंद करायला सांगा की त्याला ते." अण्णा म्हणाले, "थांब गं." मग मुलाला म्हणाले, "अरे, याची जवारी फार उघडी ठेवलीय."

त्या एका वाक्याने मुलाच्या मनातील दोन वेगळ्या खोल्यांमधली भिंत पडली. तंबोऱ्याची तार घोडीच्या टोकदार कडेवर बसत नाही. ती किंचित उतरत्या सपाटीवरून जाते, आणि कंप पावताना त्या सपाटीला पुनःपुन्हा शिवते. तारेखाली सरकविलेल्या सुताच्या धाग्याने हा स्पर्श नेमका करावा लागतो. तो साधला की साध्या नादातून वरचे अनेक स्वर उमलतात. त्यालाच जवारी लागणे म्हणतात. विजेच्या गिटारीवर हेच निराळ्या रीतीने घडते. ध्वनिवर्धकाला त्याच्या ताकदीबाहेर ताण दिला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले उपस्वर जन्म घेतात. ज्याला लोक खरखर म्हणतात, ती या संगीताची जवारी आहे. मिरजेच्या कारागिरापुढे आणि बर्मिंगहॅमच्या वादकापुढे प्रश्न एकच होता, की तारेला तिच्या एकट्या स्वरापेक्षा अधिक कसे बोलू द्यावे.

अण्णा त्या दिवशी आत येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "यात गंधार कुठाय?" मुलाने सांगितले, की हे वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र छेडतात, त्यात गंधार घातला, तर त्या ताणलेल्या आवाजात सगळे गढूळ होते. अण्णा हसले. "तंबोऱ्यात तरी आपण कुठे लावतो? तो आपला आपण येतो." षड्जाच्या तारेतून कोणीही न छेडता ऐकू येणाऱ्या त्या स्वयंभू गंधाराचा मुलाने पुढे कित्येक आठवडे त्या कॅसेटमध्ये शोध घेतला. एका रात्री, एका लांब ओढलेल्या स्वरयुग्माच्या विझत्या शेवटाशी, तो त्याला सापडला. अण्णा झोपले होते. त्याने त्यांना उठविले नाही, सकाळी सांगितले.

त्याच सकाळी त्याने टोनी आयोमीची हकीगत सांगितली. ब्लॅक सॅबाथचा हा वादक डावखुरा. त्याची पट्टीवर तारा दाबणारी बोटे उजव्या हाताची. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यातील आपल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो यंत्रदाबावर काम करीत होता. त्या यंत्राने त्याच्या मधल्या दोन बोटांची टोके नेली. वादन संपले, असेच सर्वांना वाटले. मग कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत जँगोची डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर तो युरोपातला थोर गिटारवादक झाला. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुन्हा गिटार धरली.

अण्णांच्या कारखान्यातही एका सहकाऱ्याचे बोट दाबयंत्राखाली गेले होते. त्या प्रसंगाविषयी ते घरी कधीच बोलत नसत. हकीगत ऐकून ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी फिटरचे प्रश्न विचारले. टोपण किती जाडीचे होते? तार त्यावरून घसरत नव्हती काय? संध्याकाळी त्यांनी हत्यारपेटीतला नायलॉनचा एक तुकडा काढून कानशीने घासला, मुलाच्या बोटावर बसविला आणि तंबोऱ्याच्या तारेवर दाबून पाहिला. तार घसरली. अण्णा म्हणाले, "वरून चामडं लावायला पाहिजे." आयोमीचे आत्मचरित्र २०११ साली आले. टोपणांवर एका जुन्या अंगरख्याचे चामडे चिकटवल्यावरच तारेवर पकड आली, हे त्यात वाचताना मुलाने पुस्तक मिटून ठेवले. अण्णांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

दरम्यान बेंगळुरूच या संगीताचे भारतातील एक क्षेत्र बनले होते. १७ मार्च २००७ रोजी राजवाड्याच्या मैदानावर आयर्न मेडन वाजवून गेले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण आगगाडीच्या साध्या डब्यांतून त्यासाठी आले होते. ३० ऑक्टोबर २०११ रोजी त्याच मैदानावर मेटालिका आले. १९९८ साली याच शहरात उभा राहिलेला क्रिप्टॉस हा वृंद २०१३ मध्ये जर्मनीतील वाकेनच्या उत्सवात वाजवून आला. हा गृहस्थ मैदानावर दोन्ही वेळा होता. गर्दीत त्याच्या वयाचे लोक थोडे होते. मरे आणि स्मिथ यांची जोडवादने हजारो कंठ शब्दांशिवाय गात होते. गिटारीच्या ओळी गायल्या जाव्यात, याचे त्याला नवल वाटले, आणि रामनवमीच्या मांडवाबाहेर मान हलविणारी एक आकृती आठवली.

या ध्यासाची किंमतही वसूल झाली. वर्षानुवर्षे बसच्या खडखडाटावर मात करण्यासाठी त्याने कानात आवाज मोठा ठेवला होता. पुढे कानांत बारीक शिट्टी वाजू लागली. तपासणीत कागदावरची रेघ ४००० हर्ट्झपाशी खोल गेली. मोठ्या आवाजाने झालेल्या बहिरेपणाची ती नेहमीची खूण असते. डॉक्टर म्हणाले, गेलेले परत येणार नाही, उरलेले जपा. गिटारीचे मूळ स्वर त्या रेघेच्या बरेच खाली असतात, म्हणून ते त्याला ऐकू येतात. गेली ती त्यांची धार. आणि अण्णांचा तंबोरा गवसणीतून काढला, तेव्हा त्याला कळले, की आपली खरी हानी तेथे झाली आहे. तारा जुळल्या होत्या, पण जवारी लागली की नाही, हे त्याला सांगता येईना. एका कानाने मिळविलेले दुसऱ्या ठेव्यातून वजा झाले होते.

त्याने ऐकणे सोडले नाही. ऐकण्याची जागा बदलली. बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून आयोमीने १९७१ च्या सुमारास तारा दीड स्वर खाली उतरविल्या. सैल झालेल्या तारांतून जो काळोखा, जड नाद निघाला, त्यावर पुढच्या पिढ्यांनी आपले संगीत उभारले. तो खालचा प्रदेश या गृहस्थाच्या कानांत अजून शाबूत आहे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबाथचे अखेरचे वादन झाले. गायक ऑझी ऑस्बोर्न आसनावर बसून गायला आणि २२ जुलैला वारला. आयोमी सत्त्याहत्तर वर्षांचा होता. बोटांवर टोपणे होती. या गृहस्थाने ते वादन घरी पडद्यावर, आवाज कमी ठेवून पाहिले. शेजारी त्याची मुलगी बसली होती. उंच पट्टीत काही विशेष घडले, की ती त्याच्या दंडाला हात लावी, आणि तो पडद्यावरची बोटे अधिक निरखून पाही.

हल्ली रविवारी ती तंबोरा काढते. धागा कसा सरकवायचा, हे त्याने तिला शिकविले आहे. तो भोपळ्यावर तळहात ठेवून बसतो. लाकडाची थरथर हाताला कळते, तेवढी कळू देतो. ती चारी तारा एकामागून एक छेडते, धागा केसभर पुढे घेते, पुन्हा छेडते.

"लागली का, बाबा?"

"ते आता तू सांगायचं," तो म्हणतो. "गंधार येतोय का बघ."